फ्रान्समधील मुक्त जॅझ आणि तरुणांचा लष्करविरोध

फ्रान्समध्ये जॅझ आणि लष्करविरोध यांची गाठ 1968 च्या मे महिन्यातील विद्यार्थी-उठावाने घातली, असा समज रूढ असला, तरी या नात्याची पाळेमुळे वसाहतींमधील युद्धांच्या काळात आढळतात. सैन्यात जाण्याचे नाकारून पळणाऱ्या माणसावरचे ‘ल देझेर्तर’ हे गीत 1954 मध्ये रचणारे बोरिस व्हियां कादंबरीकार तर होतेच, शिवाय पॅरिसच्या तळघरांतील क्लबांमध्ये ट्रम्पेट वाजवणारे आणि ‘जाझ हॉट’ मासिकात लिहिणारे जॅझचे जाणकारही होते. भरतीचा हुकूम हाती पडलेला माणूस राष्ट्राध्यक्षांना पत्र लिहून लढण्यास नकार कळवतो, अशी या गीताची मांडणी आहे. मूळ शेवटात तो आपल्याजवळ शस्त्र असल्याचे बजावत होता. गायक मार्सेल मुलूजी यांच्या आग्रहावरून तो निःशस्त्र झाला आणि मगच मुलूजींनी ते गायले. पुढे अल्जीरियातील युद्धाच्या काळात या गीताला रेडिओची दारे बंद झाली.

याच मुलूजींच्या ध्वनिमुद्रण-संस्थेने 1965 मध्ये पियानोवादक फ्राँस्वा त्युस्क यांची ‘फ्री जॅझ’ ही तबकडी काढली, हे या इतिहासात विसरू नये. मुक्त जॅझ म्हणजे ठरलेला ठेका, स्वरसंगतीचा पूर्वनिश्चित क्रम आणि एकाने पुढे वाजवायचे व इतरांनी साथ करायची ही उतरंड बाजूला सारून सर्वांनी एकमेकांना ऐकत उत्स्फूर्त वाजवण्याची रीत. अमेरिकेतील कृष्णवर्णीय वादकांनी ती घडवली आणि 1969 मध्ये ‘आर्ट एन्सेम्बल ऑफ शिकागो’सारखे गट पॅरिसमध्ये येऊन राहिल्याने तिला तेथे नवे बळ मिळाले, तर फिलिप कार्ल आणि जाँ-लुई कोमोली यांनी 1971 च्या ‘फ्री जॅझ ब्लॅक पॉवर’ या ग्रंथात तिचा अर्थ कृष्णवर्णीयांच्या राजकीय लढ्याच्या संदर्भात लावला. सरकारलाही या संगीताच्या श्रोतृवर्गाचे भय होते: 1969 च्या ऑक्टोबरात पॅरिसजवळ भरणाऱ्या जॅझ आणि पॉप महोत्सवाला परवानगी नाकारली गेली आणि तो सीमेपलीकडे बेल्जियममधील आमुगीस या गावी भरवावा लागला.

तरुणांचा लष्कराशी थेट संघर्ष पेटला तो मात्र एका कायद्यावरून. संरक्षणमंत्री मिशेल देब्रे यांच्या 1970 च्या कायद्याने सक्तीची लष्करी सेवा 12 महिन्यांवर आणली, परंतु शिक्षणासाठी ती पुढे ढकलण्याची सवलत वयाच्या 21 व्या वर्षापुरती आखडली. ही तरतूद अंगावर येताच 1973 च्या मार्चमध्ये माध्यमिक शाळांतील मुलेमुली देशभर संपावर गेली. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये, लष्करी तळाच्या विस्तारासाठी जमीन देण्यास नकार देणाऱ्या लार्झाक पठारावरील मेंढपाळ-शेतकऱ्यांच्या पाठिंब्यासाठी हजारो तरुण तेथे जमले. सप्टेंबर 1974 मध्ये तर द्रागिन्याँ येथील सक्तीने भरती झालेले, बहुतांशी फ्रेंच अँटिल्स बेटांवरचे सैनिक गणवेशातच रस्त्यावर उतरले आणि त्यांनी वर्णभेदाच्या वागणुकीविरुद्ध आवाज उठवला.

या लाटेत मुक्त जॅझचा वाटा किती, याचे उत्तर प्रामाणिकपणे द्यायचे तर तो मर्यादित होता. मोर्चातील मुलांच्या ओठी घोषणा आणि गाणी होती. मुक्त जॅझचा श्रोता मूठभर होता आणि हे दुखणे वादकांनाही जाणवत होते. चिनी सांस्कृतिक क्रांतीतील हस्तलिखित भित्तिपत्रकांचे नाव देऊन 1970 मध्ये ‘पियानो दाझिबाओ’ ही तबकडी काढणाऱ्या त्युस्क यांच्या माओप्रेमाला त्या क्रांतीतील हिंसा दिसली नाही, ही उणीव नोंदवावीच लागेल. तरीही श्रोत्यांपासूनच्या तुटलेपणावर त्यांनी शोधलेला मार्ग मोलाचा होता: 1971 पासून त्यांनी ‘इंटरकम्युनल फ्री डान्स म्युझिक ऑर्केस्ट्रा’ उभारला आणि स्थलांतरित कामगारांच्या वस्त्यांतील वादकांना सोबत घेऊन मुक्त वादनाला नाचता येईल असा ठेका जोडला. ‘इंटरकम्युनल’ हा शब्द अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या ‘ब्लॅक पँथर’ पक्षाचे ह्युई न्यूटन यांच्या विचारातून आला होता.

लार्झाकच्या लष्करी तळाचा विस्तार 1981 मध्ये राष्ट्राध्यक्ष मित्तराँ यांनी रद्द केला. सक्तीची लष्करी सेवा 1997 च्या कायद्याने स्थगित झाली. तो निर्णय मात्र व्यावसायिक सैन्य उभारण्यासाठी राष्ट्राध्यक्ष शिराक यांनी घेतला होता.