तहाचा ताळेबंद

युद्धात कमावले ते तहात गमावले, असे आपण नेहमी म्हणतो. परंतु १९९९ सालच्या कोसोव्होच्या युद्धात दोन्ही पक्षांनी आपापल्या लोकांना सांगितले की, आपणच कमावले. मग खरे कोणाचे मानावे?

२४ मार्चला नाटोच्या विमानांनी युगोस्लाव्हियावर बाँबफेक सुरू केली आणि ती ७८ दिवस चालली. सुरक्षा समितीची संमती तिला नव्हती. या प्रश्नाचा निकाल लावायचा तर दोन कागद शेजारी ठेवून वाचले पाहिजेत, असे आम्हांस वाटते. एक, युद्धापूर्वी बेलग्रेडने नाकारलेला रांबुइये येथील मसुदा. दुसरा, १० जूनचा सुरक्षा समितीचा ठराव क्रमांक १२४४.

पहिल्या कागदात नाटोच्या फौजांना साऱ्या युगोस्लाव्हियात मुक्त संचार होता. तीन वर्षांनी कोसोव्होचे भवितव्य ठरवताना तेथील जनतेची इच्छाही विचारात घ्यायची होती. दुसऱ्या कागदात ही दोन्ही कलमे नाहीत. फौजा आल्या त्या कोसोव्होपुरत्या, संयुक्त राष्ट्रांच्या छत्राखाली. युगोस्लाव्हियाचे सार्वभौमत्वही मान्य झाले. एवढ्यावरून मिलोशेविच यांनी विजयाचा डंका पिटला.

पण तह नुसता वाचायचा नसतो. तो अंमलात कसा आला हेही पाहायचे असते. पहिल्या मसुद्यात मर्यादित सर्बियन शिपाई व पोलीस कोसोव्होत राहू शकत होते. दुसऱ्याने साऱ्यांनाच अकरा दिवसांत बाहेर काढले. थोडे परत येतील असे लिहिले होते; ते कधीच आले नाहीत. सार्वभौमत्व कागदावर राहिले, जमीन हातची गेली. २००० साली मिलोशेविच यांची सत्ता गेली आणि १७ फेब्रुवारी २००८ रोजी कोसोव्होने स्वातंत्र्य जाहीर केले.

मग नाटोचा निर्भेळ विजय झाला काय? लढाईत त्यांचा एकही सैनिक पडला नाही, हे खरे. परंतु ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेच्या मोजणीप्रमाणे बाँबफेकीत सुमारे ५०० नागरिक मेले, आणि ज्या सुरक्षा समितीला युद्धाआधी डावलले, तिच्याच दारी तहासाठी जावे लागले.

खरा लाभ झाला तो अल्बेनियन निर्वासितांचा. आठ लाखांहून अधिक माणसे देशोधडीला लागली होती. त्यांतील बहुतेक काही आठवड्यांतच घरी परतली. आणि खरी हानी? तीही सामान्यांचीच. सैन्य निघताच सूडाच्या भयाने सुमारे दोन लाख सर्ब, रोमा व इतर लोक घरे सोडून गेले. ठरावात साऱ्या रहिवाशांच्या सुरक्षिततेची हमी होती. त्यांच्या वाट्याला ती आली नाही.

म्हणून आम्ही म्हणतो, तहाचा ताळेबंद राजधानीत मांडू नये. तह झाल्यावर कोणाच्या घरी दिवा लागला आणि कोणाच्या दाराला कुलूप पडले, हे गावोगाव जाऊन पाहावे. जमाखर्चाची खरी वही तीच.