सिव्हिलचा दरवाजा

१९९४ सालचे गणपती विसर्जन होऊन काहीच दिवस झाले होते. सुरतेत प्लेगची बातमी पसरली आणि नवागाम, उधना, लिंबायतमधली आपली मंडळी मिळेल त्या गाडीने नंदुरबार, अमळनेर, जळगावकडे निघाली. आम्ही तेव्हा शाळकरी वयाचे होतो. तोंडाला रुमाल बांधून गाडीत बसलेले आई-वडील अजून डोळ्यांसमोर आहेत.

त्या दिवसांचा अर्थ पुढे समजला. शहरातल्या अनेक खाजगी दवाखान्यांना तेव्हा कुलपे लागली होती. जीव सर्वांनाच प्यारा, आणि दवाखाना उघडा ठेवण्याचे बंधन त्यांच्यावर नव्हते. नवीन सिव्हिल मात्र सुरू राहिले. भीती तिथेही होतीच, तरी रुग्ण दाखल होत राहिले, टेट्रासायक्लिन मिळत राहिले. सुरतेत पन्नासच्या आसपास माणसे दगावली. वेळेवर औषध मिळालेली कितीतरी घरी परतली.

आजारपणाचा खर्च कोणी उचलायचा, याचे उत्तर प्रत्येक देशाने वेगळे शोधले. जर्मनीने १८८३ मध्ये कामगारांसाठी आजारविमा सक्तीचा केला. हप्ता कामगार आणि मालक मिळून भरत. ब्रिटनने ५ जुलै १९४८ पासून मुख्यतः करांच्या पैशावर सर्वांसाठी राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू केली. अमेरिकेचा भर खाजगी विम्यावर. तिथेही वृद्धांसाठी १९६५ मध्ये सरकारी 'मेडिकेअर' आणावी लागली. आपल्याकडे भोर समितीने १९४६ मध्येच सांगितले होते की, पैसे नाहीत म्हणून कोणी उपचारावाचून राहू नये. प्रत्यक्षात मात्र आपला बराचसा खर्च आजही स्वतःच्या खिशातून होतो. एका ऑपरेशनपायी गावाकडची जमीन विकलेली घरे आपल्यातही आहेत.

प्लेगने आणखी एक गोष्ट शिकवली. १९९५ मध्ये एस. आर. राव महापालिका आयुक्त म्हणून आले आणि कचरा, गटारे यांच्या स्वच्छतेने शहराचे रूप पालटले. हे काम कोणतेही खाजगी रुग्णालय करणार नव्हते.

आम्ही सरकारी नोकर, म्हणून सिव्हिलची बाजू घेतो असे नाही. गरज पडली की आम्हीही खाजगी डॉक्टरांकडे जातो आणि त्यांच्या कौशल्याचा लाभ घेतो. पण रांग लांब म्हणून सिव्हिलला नाके मुरडण्यापूर्वी १९९४ आठवावे. ती रांग कमी व्हावी, खाटा आणि डॉक्टर वाढावेत, ही मागणी आपण नगरसेवकापासून आमदारापर्यंत लावून धरली पाहिजे. पुढची साथ आली, तर आपल्या मुलांनाही तोच दरवाजा उघडा लागेल.