नवविश्वासणाऱ्यांचे धर्मशिक्षण : कोल्हापूरची ख्रिस्ती मंडळी

नवविश्वासणाऱ्यांचे धर्मशिक्षण : ख्रिस्ती मंडळीत नव्याने दाखल झालेल्या, किंवा ख्रिस्ती घरात जन्मूनही विश्वासाचा अर्थ ज्याला आताच कोठे उमगू लागला आहे अशा व्यक्तीला, त्याच वाटेवर बरीच वर्षे चाललेल्या अनुभवी विश्वासणाऱ्याने पवित्र शास्त्र, प्रार्थना, उपासना आणि नित्याचे आचरण यांचा परिचय करून देण्याची रीत. पाळकाचे प्रवचन व मुलांची शब्बाथ शाळा ही या शिक्षणाची सर्वपरिचित अंगे होत. परंतु प्रस्तुत नोंदीचा विषय त्याहून घरगुती आहे. ज्याला मंडळीने कोणतीही सनद दिलेली नाही, ज्याचे नाव पगारपत्रकात नाही, अशा प्रौढ सभासदाने आपल्या शेजारच्या नवख्याला हाताशी धरून शिकविणे, हा तो विषय होय.

या कामाचा आधार नव्या करारात ठिकठिकाणी सापडतो. पौलाने तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात, आपल्यापासून ऐकलेले विश्वासू माणसांच्या स्वाधीन करावे आणि त्यांनी ते पुढे इतरांना शिकवावे अशी आज्ञा आहे. म्हणजे पौल धरून चार पिढ्यांची साखळी त्या एका वाक्यात गोवलेली आहे. तीताच्या पत्रात हे काम वृद्ध स्त्रियांकडे तरुण स्त्रियांच्या बाबतीत नावानिशी सोपविलेले आहे. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राचा कर्ता तर आपल्या वाचकांना स्पष्ट बोल लावतो, की एवढ्या काळानंतर तुम्ही शिक्षक व्हावयाचे, ते अद्याप दुधावरच आहात. मात्र या सर्वांत अनुकरणीय वाटते ती प्रेषितांच्या कृत्यांच्या अठराव्या अध्यायातील हकिगत. अपुल्लो हा मोठा वक्ता व शास्त्रपारंगत, पण त्याचे ज्ञान अपुरे होते. ते प्रिस्किल्ला आणि अक्विला या तंबू शिवणाऱ्या दांपत्याच्या ध्यानात आले, तेव्हा भर सभास्थानात त्याची चूक न काढता त्यांनी त्याला आपल्याकडे नेले आणि देवाचा मार्ग अधिक नीट समजावून दिला. त्यात विद्वानाला शिकविणारे कारागीर होते, त्यांत एक स्त्री होती, आणि शिकणाऱ्याची अब्रू राखली गेली होती, या तिन्ही गोष्टी लक्षात घेण्याजोग्या आहेत.

आरंभीच्या शतकांत या शिक्षणाला रीतसर शिस्त आली. रोमच्या हिप्पोलितसच्या नावावर असलेल्या तिसऱ्या शतकातील नियमग्रंथात उमेदवाराने बाप्तिस्म्यापूर्वी तीन वर्षे वचन ऐकावे असे सांगितले असून, मुदतीपेक्षा आचरणाला अधिक वजन दिले आहे. उमेदवाराने विधवांचा मान राखला की नाही, आजाऱ्यांना भेटी दिल्या की नाही, याची साक्ष त्याला घेऊन येणाऱ्याला द्यावी लागे. इ. स. ४०० च्या सुमारास कार्थेज येथील देओग्रातियास नावाच्या सेवकाने, नवख्यांना तेच ते शिकविताना आपले बोलणे आपल्यालाच नीरस वाटते, अशी व्यथा ऑगस्टिनला कळविली. त्यावर ऑगस्टिनने लिहिलेला छोटा ग्रंथ आजही वाचण्यासारखा आहे. शिकविणाऱ्याच्या मनातील आनंद हीच शिक्षणाची मोठी सामग्री असे तो मानतो, आणि ऐकणारा उभा राहून थकला असेल तर त्याला बसावयास आसन द्यावे, इतक्या बारीक गोष्टीचीही आठवण ठेवतो.

मराठी मुलखात या परंपरेचा पहिला मोठा ग्रंथ म्हणजे फादर थॉमस स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण. स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले, साष्टी भागात त्यांनी आयुष्य वेचले, आणि १६१६ साली राशोल येथे सुमारे अकरा हजार ओव्यांचे हे पुराण छापले गेले. ग्रंथाची मांडणीच नवख्याच्या प्रश्नांतून झाली आहे. देवळात मुलांना धर्मतत्त्वे शिकविली जात असता एक नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्रीगुरूपाशी येतो आणि जुनी पुराणे सुटली, त्यांच्या जागी आम्ही काय वाचावे, असे विचारतो. हा प्रश्न केवळ शास्त्रार्थाचा नव्हता. ज्याची रोजची संध्याकाळ ओव्यांनी भरलेली होती त्या माणसाच्या घरातील रिकामेपणाचा तो प्रश्न होता. स्टीफन्सांनी त्याला पोर्तुगीज प्रश्नोत्तरी पाठ करावयास लावले नाही; त्याच्याच भाषेत, त्याच्याच छंदात उत्तर दिले. चांगला शिक्षक नवख्याच्या प्रश्नाखालचा प्रश्न ऐकतो, हे येथे दिसते.

कोल्हापुरात प्रॉटेस्टंट मंडळीचा पाया १८५२ साली रॉयल गूल्ड वायल्डर या अमेरिकी मिशनऱ्याने घातला. ते आधी अहमदनगरला अमेरिकन बोर्डाच्या कामावर होते. मिशनने शाळा चालवाव्यात की नाहीत, या वादात बोर्डाच्या वरिष्ठांशी त्यांचे पटले नाही आणि ते कोल्हापूर सोडून गेले; तरी १८६१ साली ते स्वतंत्रपणे कोल्हापूरला परतले आणि १८७० साली हे काम अमेरिकेच्या प्रेस्बिटेरियन मंडळाकडे गेले. त्यांचा पुत्र रॉबर्ट याचा जन्म १८६३ साली कोल्हापुरातच झाला. पुढे अमेरिकेतील विद्यार्थ्यांना परदेशी मिशनकार्यासाठी उभे करणाऱ्या स्टुडंट व्हॉलंटिअर चळवळीचा तो एक प्रवर्तक ठरला. कोल्हापूरनंतर रत्नागिरी, पन्हाळा, सांगली, मिरज, कोडोली अशी ठाणी वसत गेली, मिरजेला डॉ. विल्यम वॉनलेस यांचे रुग्णालय १८९४ साली उभे राहिले. वायल्डर मेमोरियल चर्च, आयर्विन ख्रिश्चन व एस्तेर पॅटन या शाळा ही नावे आजही कोल्हापूरकरांच्या तोंडी आहेत. शाहू छत्रपतींच्या आश्रयाने शहरात निघालेल्या निरनिराळ्या समाजांच्या वसतिगृहांत ख्रिस्ती विद्यार्थ्यांचेही एक वसतिगृह होते.

या व्यवस्थेत नवख्याचे शिक्षण बहुतांशी पगारी माणसांच्या हवाली असे. गावात नेमलेला मास्तर दिवसा मुलांना बाराखडी शिकवी, रात्री प्रौढांना प्रभूची प्रार्थना व दहा आज्ञा सांगे. बायकांमध्ये बायबलबाई हिंडे. या मास्तरांचे व बायबलबायांचे ऋण मराठी ख्रिस्ती समाजाने पुरेसे मानलेले नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. उन्हातान्हात, मैलोगणती पायी जाऊन, जेथे पाणी देतानाही लोक विचार करीत अशा वस्त्यांत त्यांनी हे काम केले. परंतु त्याचा एक परिणाम असा झाला, की शिकविणे हे मिशनच्या नोकराचे काम, आणि आपण सभासदांनी ऐकावयाचे, ही समजूत पिढ्यान्‌पिढ्या रुजली. परदेशी मिशनरी निघून गेले, पगाराच्या जागा आटल्या, १९७० साली नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना होऊन कोल्हापूर हा त्याचा एक धर्मप्रांत झाला; कारभार बदलला, तरी ती समजूत पुरती गेलेली नाही. एका पाळकाकडे अनेक गावांची मंडळी असते. महिन्यातून एकदा येणारा पाळक नवख्याला बाप्तिस्मा देऊ शकतो, पण मंगळवारी रात्री त्याच्या मनात उठलेल्या शंकेला उत्तर देण्यास तो तेथे नसतो. शेजारचा प्रौढ विश्वासणारा असतो.

आणि या शंका बहुधा त्रैक्याच्या सिद्धांताविषयी नसतात. चैत्रात जोतिबाची यात्रा भरते, गुलालाने डोंगर लाल होतो, भावकीची सासनकाठी निघते; अशा वेळी घरातील एकट्याच ख्रिस्ती झालेल्या तरुणाने काय करावे? आईने प्रसाद पुढे केला तर हात मागे घ्यावा की नाही? वडील वारले, तर तेराव्याला भावांबरोबर बसावे की बाहेर उभे राहावे? धाकट्या बहिणीच्या लग्नात देवक बसते तेव्हा आपण कोठे असावे? या प्रश्नांची उत्तरे प्रश्नोत्तरीत छापलेली नाहीत. करिंथच्या मंडळीला पौलाने मूर्तीच्या नैवेद्याविषयी जे लिहिले त्यात त्यांची दिशा आहे: मूर्ती काही नाही हे ज्ञान खरे, पण त्या ज्ञानाने दुसऱ्याच्या दुर्बल मनाला अडखळण होता कामा नये, ज्ञान फुगविते आणि प्रीती उभारणी करते. ती दिशा जोतिबाच्या डोंगराच्या पायथ्याशी राहणाऱ्या घरात कशी लागू करावयाची, हे मात्र ज्याने स्वतः तो प्रसंग सोसला आहे तोच सांगू शकतो. त्याला ठाऊक असते, की नैवेद्य नाकारतानाही आईच्या पाया पडता येते. मिरवणुकीत न जाता भावाच्या शेतातील कामाला सर्वांआधी जाता येते. आणि घरच्यांचा पहिला राग वर्ष-दोन वर्षांत निवतो. असे कोणी सांगणारे नसले म्हणजे नवखा दोहोंपैकी एक करतो: घर तोडून येतो, किंवा विश्वास सोडून परत जातो. दोन्ही नुकसानी मंडळीच्या हयगयीच्या नावे लिहावयास हव्यात.

शिकविण्याची रीत जवळून पाहिली म्हणजे तिचा साधेपणा नजरेत भरतो. नवखा बायबल हाती पडताच इतर पुस्तकांप्रमाणे पहिल्या पानापासून वाचावयास लागतो. उत्पत्ती व निर्गम यांच्या कथा त्याला ओढून नेतात, आणि लेवीयच्या यज्ञविधींत येऊन तो थांबतो. पुष्कळांचे वाचन तेथेच कायमचे संपते. अशा वेळी घरातली एखादी मावशी चूल आवरून, पदराला हात पुसत, त्याच्याजवळ येऊन बसते, पुस्तक त्याच्या हातून घेऊन मार्काच्या शुभवर्तमानाशी खूण घालून देते आणि म्हणते, “हे आधी वाच बाळा, मग आपण मागे जाऊ.” अध्याय म्हणजे काय, वचन म्हणजे काय, पुस्तकाच्या नावापुढचे दोन आकडे कसे वाचावेत, हे ती बोटाने दाखविते. मोठ्याने प्रार्थना करावयास तो लाजतो, तेव्हा ती आधी स्वतः दोन वाक्यांची प्रार्थना करते. लांब, अलंकारिक प्रार्थना ऐकून नवख्याचे तोंड बंद होते, हे तिला अनुभवाने कळलेले असते. ज्याला अक्षरओळख नाही त्याला ती उपासना संगीतातील पद चालीवर शिकविते, कारण चालीवर बसलेले शब्द विसरत नाहीत. नारायण वामन टिळकांची पदे ज्यांनी अशी तोंडी उचलली आणि पुढच्या पिढीच्या ओठांवर ठेवली, त्यांपैकी अनेकांनी छापील पुस्तक उघडलेलेही नव्हते.

टिळकांच्या घराचाच दाखला या विषयात फार बोलका आहे. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई त्यानंतर सुमारे पाच वर्षांनी त्या वाटेवर आल्या. मधल्या काळातील सोवळेओवळे, ताटातूट, राग आणि ओढ यांची हकिगत त्यांनी ‘स्मृतिचित्रे’मध्ये ज्या निर्मळपणे सांगितली आहे, ती वाचताना ध्यानात येते, की त्यांचे मन वादविवादाने वळले नाही, ख्रिस्ती माणसांच्या सहवासात राहून, त्यांचे वागणे दिवसेंदिवस पाहून ते वळले. टिळकांसारखा कवी व पंडित घरात असूनही हा वेळ लागला. बेळगावला १८५४ साली बाप्तिस्मा घेणाऱ्या बाबा पदमनजींचा ‘अरुणोदय’ हाही अशाच दीर्घ अंतर्गत झगड्याचा वृत्तान्त आहे. बाप्तिस्म्याचा दिवस एक असतो. त्याच्या आधीची आणि नंतरची वर्षे कोणाच्या तरी सोबतीवाचून काढणे कठीण.

कोल्हापूरकराला ही गोष्ट तालमीच्या दृष्टान्ताने लवकर पटते. येथील तालमीत वस्ताद स्वतः मैदान मारीत नाही. त्याचे ते वय सरलेले असते. तो हौद्याच्या काठी उभा राहतो, पठ्ठ्याच्या पायाची पकड कोठे ढिली पडते ते पाहतो, कधी लंगोट कसून तांबड्या मातीत उतरतो आणि डाव अंगाने दाखवितो. पुस्तक वाचून कोणी मल्ल झाल्याचे ऐकिवात नाही. मात्र दृष्टान्त येथवरच खरा. वस्तादाचा शब्द तालमीत हुकूम असतो. विश्वासात मुरलेल्या माणसाला नवख्यावर तसा हुकूम चालविण्याचा अधिकार नाही. काही ठिकाणी शिकविणारा नवख्याच्या लग्नात, नोकरीत, पैशाच्या व्यवहारात हात घालू लागतो, आपल्याच मताला देवाची इच्छा म्हणू लागतो. हे धर्मशिक्षण नव्हे, आणि मंडळीच्या वडीलधाऱ्यांनी ते वेळीच थांबविले पाहिजे. स्त्रियांना स्त्रियांनी व पुरुषांना पुरुषांनी शिकवावे, एकट्याला बंद खोलीत न बसविता घराच्या सोप्यात बसवावे, हे जुन्या मंडळ्यांतील संकेत याच विवेकातून आलेले आहेत.

प्रौढ विश्वासणारे या कामाला मागे सरतात त्याचे नेहमीचे कारण म्हणजे, आपल्याला शास्त्र येत नाही. ते बहुधा खरे असते. पण ते सुटकेचे नव्हे तर आरंभाचे कारण आहे. तीस वर्षे प्रभुभोजनाला बसलेल्या माणसाला नवखा सहज विचारतो, ही भाकर आपण का मोडतो, आणि त्या माणसाला उत्तर सुचत नाही. तो घरी जाऊन, कधी नव्हे तो, स्वतःसाठी करिंथकरांचे पत्र उघडतो. प्रेस्बिटेरियन परंपरेतील १६४७ सालच्या लघु प्रश्नोत्तरीत १०७ प्रश्न आहेत. तेवढ्यांची उत्तरे पाठ असलेल्यालाही नवख्याचा एकशे आठवा प्रश्न अडवितो. अशा वेळी “मला ठाऊक नाही, आपण पाळकसाहेबांना विचारू” असे मोकळेपणी म्हणणारा शिक्षक नवख्याला अधिक विश्वासार्ह वाटतो, आणि पुढच्या शनिवारी दोघे मिळून विचारावयास जातात.