चौकावरचं पांढरं कापड

सत्यजित राय यांचा 'अपराजितो' पाहताना काशीतलं ते घर खरंखुरं वाटतं. मधे चौक, भोवती खोल्या आणि वरून उतरणारा मंद उजेड. हरिहर, सर्वजया आणि छोटा अपू त्या उजेडात वावरतात. पण तो उजेड काशीचा नाही. तो कलकत्त्याच्या स्टुडिओतल्या दिव्यांचा आहे, कापडावर आदळून परतलेला.

सिनेमा १९५६चा. काशीतले घाट आणि गल्ल्या तिथेच चित्रित झाल्या. घराचं चित्रण मात्र पावसाच्या धास्तीने स्टुडिओत हलवावं लागलं आणि कलादिग्दर्शक बन्सी चंद्रगुप्त यांनी तिथे चौकासकट घर उभारलं. छायालेखक सुब्रत मित्र यांचा याला विरोध होता. चौकातला उजेड स्टुडिओत आणता येणार नाही, असं त्यांचं म्हणणं.

त्यांची अडचण समजून घेण्यासारखी आहे. असल्या चौकात ऊन थेट फारसं येत नाही, येतो तो आकाशाचा उजेड. आकाश म्हणजे डोक्यावर पसरलेला अवाढव्य दिवा. सगळीकडून उजेड येत असल्याने सावली जवळजवळ पडतच नाही. स्टुडिओतला दिवा त्यापुढे चिमुकला. तो एका जागेवरून मारा करतो आणि माणसामागे भिंतीवर काळीकुट्ट, कडक कडांची सावली उमटवतो. ती घालवायला दुसरा दिवा लावावा, तर तो स्वतःची वेगळी सावली पाडतो. उघड्या चौकात एका माणसाच्या दोन सावल्या दिसल्या, की घर खोटं ठरलंच.

मित्र यांनी मग आकाशच तयार केलं. सेटवर छतासारखं पांढरं कापड ताणलं आणि दिव्यांची तोंडं माणसांकडे न करता वर, त्या कापडाकडे वळवली. कापडाचा पृष्ठभाग खडबडीत, त्यामुळे उजेड सगळ्या दिशांना विखुरतो. छोटा दिवा कापडाएवढा मोठा होतो आणि सावलीची धार जाते. याची किंमतही असते. विखुरलेल्या उजेडातला थोडाच हिस्सा चेहऱ्यापर्यंत पोचतो, म्हणून दिवे जास्त लागतात.

हे करणाऱ्या माणसाने 'पथेर पांचाली'पूर्वी सिनेमाचा कॅमेरा हाताळलाही नव्हता. तेव्हा त्यांचं वय जेमतेम एकवीस. शिक्षण म्हणाल तर झाँ रन्वार यांच्या 'द रिव्हर'चं बंगालमधलं शूटिंग त्यांनी जवळून पाहिलं होतं, दिव्यांच्या जागांची रेखाटनं करून ठेवली होती. स्टुडिओची रीत अंगवळणी पडली नव्हती, हे बहुधा पथ्यावरच पडलं.

तीनच वर्षांनी, १९५९मध्ये, मुंबईत व्ही. के. मूर्ती यांनी उलटी वाट धरली. 'कागज के फूल'मध्ये रिकाम्या स्टुडिओत गुरुदत्त आणि वहिदा रेहमान उभे आहेत, गीता दत्तचा आवाज ऐकू येतो आणि वरून उजेडाचा झोत कोसळतो. त्यासाठी मूर्तींनी दिवा नव्हे, आरसे वापरले. बाहेरचं ऊन आरशावर घेऊन आत फेकलं. आरसा गुळगुळीत, तो किरणांना पांगू देत नाही. त्यामुळे झोताची धार शाबूत राहिली. दोघांनीही उजेड परतवलाच, पण मित्र यांना आकाश हवं होतं आणि मूर्तींना सूर्य.

आजही मुंबईतल्या सेटवर चेहऱ्याच्या अंधाऱ्या बाजूला थर्माकोलचा पांढरा पत्रा धरतात. चंदेरी रिफ्लेक्टर धरला, तर चेहरा उजळतो खरा, पण डोळे मिचमिचे होतात आणि पाहणाऱ्याला दुसरा दिवा जाणवतो. थर्माकोल जाणवत नाही. मित्र यांचा आग्रह तोच होता : गरिबाच्या घरात उजेड यावा, दिवा दिसू नये.

मोबाइलवर कुणाचा व्हिडिओ काढाल, तेव्हा त्याला खिडकीजवळ बसवा. दुसऱ्या बाजूला पांढरी चादर धरा, मग ती काढून घ्या. फरक चेहऱ्यावर दिसेल. 'अपराजितो' त्यानंतर पाहा.