पालघरमधील आदिवासी माता आणि प्रसूतीविषयक निर्णय : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रास्ताविक :
गर्भवती स्त्रीने कोठे आणि कोणाच्या हातून बाळंत व्हावे, हा निर्णय वरकरणी घरगुती वाटतो. पालघर परिसराचा इतिहास पाहता मात्र तो जमीन, मजुरी आणि रस्ता यांनी घडविल्याचे दिसून येते. ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन १ ऑगस्ट २०१४ रोजी हा जिल्हा अस्तित्वात आला. २०११ च्या जनगणनेनुसार या प्रदेशातील एक तृतीयांशाहून अधिक लोक अनुसूचित जमातींचे आहेत. वारली, कातकरी, कोकणा व मल्हार कोळी या त्यांतील प्रमुख जमाती होत.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :
वारली समाजात लग्नाचा चौक सवाशिणी लिहितात व त्यात पालघाट या सर्जनदेवतेची स्थापना करतात. लग्न लावणारी धवलेरीही स्त्रीच असते. विधीत असा मान असलेल्या स्त्रीच्या श्रमावर मात्र जमीनदाराची सत्ता होती. लग्नाच्या कर्जापोटी पती-पत्नी दोघेही ‘लग्नगडी’ म्हणून राबत. १९४५ मध्ये शामराव व गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी ही वेठ झुगारली. वेठ संपली, तरी पोटासाठी गाव सोडणे संपले नाही. जव्हार-मोखाड्यातील अनेक कुटुंबे दिवाळीनंतर ‘जगायला’ वीटभट्ट्यांवर जातात. गर्भवतीची नोंद गावी राहते आणि ती स्वतः भट्टीवर असते.

विकास आणि विषमता :
१९६९ मध्ये तारापूर येथे देशातील पहिले अणुविद्युत केंद्र सुरू झाले. पुढे बोईसर-तारापूर पट्ट्यात मोठी औद्योगिक वसाहत उभी राहिली. डोंगरी तालुक्यांचे चित्र मात्र वेगळे राहिले. जव्हार तालुक्यातील वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी १९९२-९३ मध्ये राज्य हादरले. त्यानंतर नवसंजीवनी, २००५ ची जननी सुरक्षा आणि २०१५ ची अमृत आहार अशा योजना आल्या. तथापि ऑगस्ट २०२२ मध्ये मोखाडा तालुक्यातील एका वाडीत घरीच जन्मलेली जुळी बालके दगावली आणि रस्त्याअभावी मातेस झोळीतून सुमारे तीन किलोमीटर न्यावे लागले.

विवेचन :
थॅडियस व मेन यांनी १९९४ मध्ये मातामृत्यूमागील तीन विलंब मांडले : निर्णयास, पोहोचण्यास व उपचार मिळण्यास होणारा विलंब. पालघरच्या डोंगरपट्टीत पहिला विलंब बहुधा दुसऱ्यातून जन्मतो. वाट कठीण, वाहन अनिश्चित आणि मजुरी बुडणार हे ठाऊक असलेली स्त्री घरीच थांबते, तेव्हा तो अज्ञानाचा नव्हे, हिशेबाचा निर्णय असतो. अमेरिकेत कृष्णवर्णीय मातांच्या मृत्यूचे प्रमाण गोऱ्या मातांच्या सुमारे तीन पट आहे. तेथेही कारण वंशात नसून वंशामुळे वाट्याला येणाऱ्या वागणुकीत व परिस्थितीत आहे.

निष्कर्ष :
आदिवासी मातेच्या ‘मानसिकते’स दोष देण्यापूर्वी तिच्यापुढे खरोखर किती पर्याय होते, हे तपासणे आवश्यक ठरते. रुग्णालयातील प्रसूतींची संख्या मोजणाऱ्या अहवालांत वाडीपासून रस्त्यापर्यंतचे अंतर आणि भट्टीवर गेलेल्या गर्भवतीची नोंदही यावयास हवी. पर्यायच नसेल, तर निर्णय तिचा होता असे म्हणता येणार नाही.