ज्वाळा गेली, धग राहिली: हीट गनची गोष्ट

(या भागाचा लिखित मजकूर. बोलण्याची ढब तशीच ठेवली आहे.)

पुणे-नगर रस्त्याने शिरूरकडे गेला असाल, तर कारेगाव तुम्ही पाहिलंय. एका बाजूला रांजणगावचा महागणपती, दुसऱ्या बाजूला एमआयडीसी, आणि मधे भाड्याच्या खोल्यांच्या रांगा. अशाच एका खोलीत मीही राहिलोय, एका छोट्या वर्कशॉपमध्ये वायरिंगच्या कामाला होतो तेव्हा.

पहिल्या दिवशी हातात हीट गन दिली. ट्रेनिंग काय? "स्लीव्हवर धर, आकसली की सोड." झालं! तिसऱ्या दिवशी माझ्या जोडीदाराने गन बंद केली आणि टेबलावरच्या पुठ्ठ्यावर आडवी ठेवली. पुठ्ठा तपकिरी झाला, धुमसायला लागला. त्याने घाईत गन उचलली ती नेमकी नळीकडून. तळहात भाजला. कुणीतरी टूथपेस्ट चोपडली. नंतर दोन आठवडे घरी, आणि तेवढे खाडे.

मला तेव्हापासून प्रश्न पडलाय: गन तर बंद होती, मग तो फसला कसा? याचं उत्तर इतिहासात आहे.

आपल्याकडे तापवण्याचं जुनं हत्यार म्हणजे भाता. लोहाराचा भाता, कल्हईवाल्याचा भाता. कल्हईवाला आठवतोय ना? दारात खड्डा करून कोळसे पेटवायचा, भांडं तापलं की नवसागर टाकायचा, पांढरा धूर निघायचा, मग कथील फिरवायचा. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळतं. पण अंश मोजायला कुणाला सांगावं लागत नव्हतं. निखारे दिसायचे, धूर नाकात जायचा, पोरंटोरं आपोआप लांब उभी राहायची.

मग ज्वाळा नळीत आली. १८८२ मध्ये स्वीडनमध्ये कार्ल रिचर्ड नायबर्गने ब्लो लॅम्प तयार केला. दहा वर्षांनी, १८९२ मध्ये, तिथेच फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्टचा प्रायमस आला. हाच तो आपल्या आज्यांचा पंपाचा स्टोव्ह. स्टोव्हचा भडका उडून भाजल्याच्या बातम्या मराठी घरांनी किती वाचल्या असतील! पण स्टोव्ह निदान फुरफुरायचा. निळी ज्वाळा दिसायची. माणूस त्याला बिचकून होता.

पुढे १९०६ मध्ये अमेरिकेत अल्बर्ट मार्शला निकेल-क्रोमियमच्या तारेचं पेटंट मिळालं. म्हणजे आपली नायक्रोम. लाल होऊनही ती लवकर जळून तुटत नाही. अशा तारेवरून पंख्याने हवा सोडली की हेअर ड्रायर होतो, आणि तीच हवा जास्त तापवली की हीट गन. तिला मोठं काम मिळालं आकसणाऱ्या स्लीव्हमुळे. १९५७ मध्ये कॅलिफोर्नियात पॉल कुकने रेकेम कंपनी काढली. किरणोत्सर्गाने प्लॅस्टिकचे रेणू एकमेकांत गुंतवायचे, मग ते ताणायचं. तापवलं की ते मूळ आकाराला परत येतं. आज मोटार असो की वॉशिंग मशीन, वायरींवर तुम्हाला अशी स्लीव्ह दिसेल.

आता लक्षात आलं? भात्यापासून गनपर्यंत येताना ज्वाळा गेली, निखारा गेला, धूर गेला. धग मात्र राहिली. साधी स्लीव्ह शंभर-सव्वाशे अंशांच्या आसपास आकसते; गन ५००-६०० अंशांपर्यंत जाते. आणि दिसायला? केस वाळवायचं यंत्र! माझा जोडीदार निष्काळजी नव्हता. त्याला भीती वाटावी असं समोर काहीच नव्हतं.

म्हणून जे डोळ्यांना दिसत नाही ते नियमाने पाळायचं. काम झालं की गन थेट बंद करू नका, आधी थंड हवेवर चालवा. मग नळी वर करून स्टँडवर ठेवा. नळीचं तोंड कशाला टेकवू नका. हवा कोंडली की आतली तार जळते. २००० वॅटची गन जवळपास ९ अँपिअर ओढते, म्हणून ती पंख्याच्या ६ अँपिअरच्या सॉकेटला किंवा बारीक एक्स्टेन्शनला लावू नका. पीव्हीसी करपलं की घशाला झोंबणारा ॲसिडचा धूर निघतो, तेव्हा खिडकी उघडी हवी. जुन्या दाराचा रंग गनने काढू नका. त्यात शिसं असू शकतं. घरगुती रंगांत शिशाची मर्यादा दशलक्षात ९० भाग, हा नियम आपल्याकडे लागू झाला नोव्हेंबर २०१७ मध्ये! आणि भाजलंच, तर टूथपेस्ट नाही, वीस मिनिटं नळाचं वाहतं पाणी.

काम संपल्यावरही अर्धा-एक तास तिथे नजर ठेवा. ३० ऑगस्ट १९८९ ला इंग्लंडमधला अपपार्क हा जुना वाडा जळाला, तो छतावर शिशाचा पत्रा जोडताना वापरलेल्या ज्वाळेमुळे. दुरुस्तीचं काम अगदी संपत आलं होतं.

शेवटचं. डिसेंबर १९८४ मध्ये भोपाळ झालं. त्यानंतर १९८७ मध्ये १९४८ च्या कारखाने कायद्यात नवी कलमं आली. त्यातलं १११-अ, हा कायदा लागू होता तोवर, म्हणजे २०२५ पर्यंत, कामगाराला सुरक्षेची माहिती आणि प्रशिक्षण मागायचा हक्क देणारं होतं. हजारो जीव गेल्यावर लिहिलेलं कलम होतं ते. आम्हाला ते तेव्हा कुणी सांगितलं नाही. तुम्हाला आता माहीत आहे. उद्या शिफ्टला नवा पोरगा आला, तर त्याला गन देण्याआधी पाच मिनिटं द्या.