लेप्टोचा आकडा

लावणीच्या दिवसांत कर्जत-खालापुरात कुणाचेही पाय बघावेत. आवण उपटायचं, मुठी बांधायच्या, चिखलणी झालेल्या खाचरात दिवसभर वाकून लावणी करायची. आठवड्याभरात बोटांच्या बेचक्या पांढऱ्या पडतात, कातडी फुगून सोलते, खाज सुटते. या चिखल्या. रात्री करंजेल चोळायचं आणि सकाळी पुन्हा त्याच पाण्यात उतरायचं. चिखल्यांना आजार कुणी म्हणत नाही. लेप्टोला मात्र अशी सोललेली बेचकी म्हणजे उघडं दार.

‘लेप्टो’ हा शब्द आता मराठीच म्हणायला हवा. २६ जुलै २००५ च्या पावसात इकडे उल्हास नदी पात्र सोडून वाहिली, तिकडे सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. पाणी ओसरल्यावर मुंबईत लेप्टोची साथ आली आणि हे नाव पेपरातून घरोघर गेलं. पण नावाचं कूळ काढायला बसलं की हाती लागतात दोन चुका, आणि दोन्ही पीतज्वराच्या.

पहिली १९०७ ची. अमेरिकेत आर्थर स्टिमसन एका रोग्याच्या मूत्रपिंडाचा काप सूक्ष्मदर्शकाखाली बघत होते; तो रोगी पीतज्वराने गेला असं धरलेलं होतं. त्यांना दोऱ्यासारखे पिळदार जंतू दिसले. टोकं वाकडी, अगदी प्रश्नचिन्हासारखी. म्हणून लॅटिनमधून नाव ठेवलं ‘इंटरोगान्स’, म्हणजे विचारणारा. पीतज्वराचं कारण पुढे विषाणू निघाला. हा जंतू वेगळ्याच तापाचा होता. त्या तापाचं वर्णन जर्मनीत आडोल्फ वाइल यांनी १८८६ मध्येच केलेलं, आणि त्याचा जंतू १९१५ च्या सुमारास जपानमध्ये इनाडा आणि इडो यांनी ओळखला.

दुसरी चूक जिवावर बेतली. १९१७ मध्ये हिदेयो नोगुची यांनी या कुळाला ‘लेप्टोस्पायरा’ नाव दिलं. ग्रीकमध्ये ‘लेप्टोस’ म्हणजे बारीक आणि ‘स्पायरा’ म्हणजे वेटोळं. पुढे पीतज्वरही याच जातीच्या जंतूमुळे होतो असं ते हट्टाने मांडत राहिले. शहानिशा करायला आफ्रिकेत गेले आणि १९२८ मध्ये अक्रा इथे पीतज्वरानेच वारले. आपण मात्र त्यांच्या शब्दाची शेपटी तोडून टाकली. ‘त्याला लेप्टो झालाय’ म्हणजे मुळात ‘त्याला बारीक झालाय’. तापातून उठलेल्याकडे बघितलं तर तेही काही खोटं नाही.

‘इंटरोगान्स’ या नावात राहिला तो टोकाचा आकडा. इकडे रानात जाणारा माणूस कमरेला आकडी बांधून तिच्यात कोयता अडकवतो. तसाच हा जंतू वाकड्या टोकाने शरीरात अडकत असेल असं वाटतं. तसं नाही. ते वाकडं टोक पोहण्याच्या कामाचं. अडकवायचं काम त्याच्या बाहेरच्या पापुद्र्यावरची प्रथिनं करतात, आणि ती साध्या सूक्ष्मदर्शकाला दिसत नाहीत.

त्यातली नावाजलेली जोडी लिग-ए आणि लिग-बी. २००३ मध्ये जेम्स मात्सुनागा आणि सहकाऱ्यांनी तिचं कुटुंबासकट वर्णन केलं. रचना माळेसारखी: लिग-ए मध्ये १३ मणी, लिग-बी मध्ये १२. गंमत अशी, की या मण्यांची घडी आपल्या रक्तातल्या प्रतिपिंडांच्या घडीसारखी आहे. चोराच्या हातात पोलिसासारखीच काठी! ही माळ आपल्या फायब्रोनेक्टिनला धरते. फायब्रोनेक्टिन म्हणजे पेशींभोवतीच्या जाळीतलं प्रथिन. जखम झाली की तिथे ते हमखास असतं. चिखल्यांची बेचकी आठवावी.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट पुढे आहे. जंतू प्रयोगशाळेत नुसता वाढवला तर लिग फारसं बनवत नाही. २००५ मध्ये मात्सुनागांच्याच गटाने त्याच्या पाण्यात मीठ घातलं, रक्तात असतं तितपत, आणि लिग भरभरून तयार झालं. दोन वर्षांनी हेही दिसलं, की असा मिठातला जंतू शरीरातल्या जाळीच्या प्रथिनांना जास्त घट्ट चिकटतो. आता खाचर डोळ्यांसमोर आणा. पेण-अलिबागच्या खारेपाटासारखं हे नव्हे. कर्जतचं पाणी पावसाचं, गोडं. बांधातल्या बिळात उंदीर राहतो. त्याच्या मूत्रपिंडात हा जंतू त्याला विशेष त्रास न देता मुक्काम करतो आणि लघवीतून पाण्यात उतरतो. गोड्या पाण्यात आकडी काढून करायचं काय? मग कुणाच्या तरी चिखल्यांतून आत शिरतो, खारट चव लागते आणि आपण कुठे आलो ते त्याला कळतं.

त्याच चिखलात निरुपद्रवी लेप्टोस्पायराही असतात; त्यांच्याकडे लिग नाही. २०११ मध्ये अशाच एका गरीब जातीत लिगची जनुकं घातली, तर तीही पेशींना जास्त चिकटू लागली. एवढ्यावर लिगच सगळ्याला जबाबदार म्हणून मोकळं होता आलं असतं. पण २००८ मध्येच घातक जंतूतलं लिग-बी मोडून तो हॅमस्टरना टोचून बघितला होता. हॅमस्टर तरीही मेले. एक आकडी गेली तर बाकीच्यांवर भागतं. फायब्रोनेक्टिन धरणारी इतर प्रथिनंही त्याच पापुद्र्यावर सापडली आहेत, आणि यादी अजून वाढतेच आहे.

इकडे राजनाला कालव्याच्या पाण्यावर उन्हाळी भातही होतो. तेव्हाही खाचरात पाणी असतं, बांधात बिळं असतात, आणि पाय उघडेच असतात.